बिबट्याचा ठिपका थोडा मोठा करा

एका जंगलात सगळं होतं, फक्त लोगो नव्हता.

मुलांनो, लोगो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे ना? शाब्बास. जंगलात कुणालाच माहीत नव्हतं. ते सुखी होते. पण तुम्ही सुखी आहात असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते नुसतेच राहत होते.

मग तळ्याकाठच्या बाभळीवर एक स्टुडिओ उघडला. छोटाच होता. दोन भागीदार. एक निळकंठ सरडा आणि दुसरा मधुकर सुगरण.

सुगरण म्हणजे लटकती घरटी विणणारा पक्षी. घरटं विणतो नर. एकटाच विणतो. मादी येते, बघते आणि चुका काढते. तरी जगात नाव सुगरणीचंच. मधुकर म्हणायचा, "यालाच ब्रँडिंग म्हणतात." एवढं म्हणून तो थोडा वेळ दुसरीकडे बघायचा.

मधुकरची कामाची एक पद्धत होती. नर सुगरण आधी काही घरटी अर्धीच विणून ठेवतो. मादीला त्यातलं एक पसंत पडलं की तेवढंच पूर्ण करतो. मधुकरने हीच पद्धत स्टुडिओत आणली. गिऱ्हाईक कुठलंही असो, तीन पर्याय, तिन्ही अर्धवट. मधुकरचं स्वतःचं लग्न अजून जमलं नव्हतं. पण पद्धत चांगली होती.

निळकंठ रंगांचं बघायचा. त्याच्याकडे शेडकार्ड नव्हतं. तो स्वतःच शेडकार्ड होता. "थोडा फिका दाखवा" म्हटलं की फिका व्हायचा. "अजून थोडा" म्हटलं की अजून थोडा. "लोगो मोठा करा" म्हटलं की मात्र आपोआप राखाडी व्हायचा. तो रंग विकायचा नव्हता.

दोघांनी जंगलातली बरीच कामं केली. साळिंदराचं गाद्यांचं दुकान होतं. त्याला पाटी करून दिली, 'एकदा पाठ टेकून बघा.' कासवाची कुरियर सेवा होती. त्याच्यासाठी मधुकरने महिनाभर विचार करून एक शब्द दिला. 'निघालोय.' कासव इतकं खूश झालं की आभार मानायला यायला निघालं. अजून यायचं आहे.

तर असं सगळं छान चाललं होतं.

त्या जंगलात साळूमावशी नावाची एक म्हातारी वानरीण होती. ती दिवसभर अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसायची. तिचं काम एकच. बिबट्या दिसला की ओरडायचं.

"खॅक!"

एवढंच. एकदा खॅक झालं की खालचं जंगल रिकामं. कुणी विचारायचं नाही, कुठून आला, कितवा आला, जेवून आला का. खॅक म्हणजे पळायचं.

याच खॅकवर इंदूचा जीव टांगलेला होता. इंदू म्हणजे एक चितळ. तिला आठ दिवसांपूर्वी पाडस झालं होतं. त्याचं नाव अजून ठरलं नव्हतं, पण गणित ठरलं होतं. तळ्याकाठच्या गवतापासून करवंदीच्या जाळीपर्यंत पाडसाच्या दहा उड्या. नाल्यापासून त्याच गवतापर्यंत बिबट्याच्या चार. इंदूने हे रोज मोजलं होतं. पाडसाला तिने एकच गोष्ट शिकवली होती.

"खॅक ऐकलं की काय करायचं?"

"पळायचं."

"आणि खॅक नाही ऐकलं तर?"

"उभं राहायचं."

हुशार होतं पोर.

आता काय झालं, जंगलाचे सरपंच होते रावसाहेब गवे. रानगवाच तो, अंगाने भरलेला. ते पलीकडच्या जंगलात एका साखरपुड्याला गेले. परत आले. दोन दिवस त्यांनी धड रवंथ केला नाही. तिसऱ्या दिवशी सभा बोलावली.

"पलीकडे कमान आहे," रावसाहेब म्हणाले. "कमानीवर लोगो आहे. खाली लिहिलंय, आपलं जंगल, आपलीच झाडं. आपल्याकडे काय आहे?"

"झाडं आहेत," कुणीतरी म्हणालं.

"झाडं कुणाकडे नाहीत? ओळख पाहिजे, ओळख! बाहेरचा पाहुणा आपल्याकडे येतो. पहिलं काय ऐकतो? ही म्हातारी वर बसून खॅक करते. काय इज्जत राहिली आपली?"

"अहो रावसाहेब," साळूमावशी वरून म्हणाली, "आत्ता काय वाईट चाललंय?"

"वाईट नाही मावशी. जुनं चाललंय."

काम स्टुडिओला मिळालं. जंगलाच्या इशाऱ्याचं रिब्रँडिंग.

पंधरा दिवसांनी मधुकरने तीन पर्याय मांडले. सगळे तळ्याकाठी जमले.

"पहिला पर्याय," मधुकर म्हणाला. "यात गुणगुणणं आहे. हूं हूं हूं. त्याने ऐकणाऱ्याचं मन तयार होतं."

"छान," रावसाहेब म्हणाले.

"दुसरा पर्याय. यात मजकूर आहे. पण बिबट्या हा शब्द नाही. तो शब्द ऐकून लोक घाबरतात, असं आम्हाला पाहणीत आढळलं. त्याऐवजी पाहुणे."

"वा."

"तिसरा पर्याय." मधुकर थांबला. सगळे थांबले. बराच वेळ काहीच झालं नाही.

"पुढे?" रावसाहेब म्हणाले.

"झाला."

"काय झाला?"

"तिसरा पर्याय. यात शांतता आहे."

सभेत एकदम कौतुकाची कुजबुज झाली. रावसाहेबांनी डोळे मिटले. उघडले.

"असं करा," ते म्हणाले. "पहिल्यातलं गुणगुणणं घ्या. दुसऱ्यातला मजकूर घ्या. आणि तिसऱ्यातली शांतता मधे घाला."

निळकंठ थोडा राखाडी झाला.

"आणि शांतता थोडी मोठी करा."

निळकंठ पूर्ण राखाडी झाला.

"एक विचारू का?" इंदू मागून म्हणाली. "यात पळा हा शब्द कुठे आहे?"

"शेवटी आहे ताई," निळकंठ म्हणाला. "काय करायचं ते नेहमी शेवटी सांगतात. आधी नातं जोडायचं."

"माझ्या पोराला जाळीपर्यंत दहा उड्या लागतात. बिबट्याला चार लागतात. तुम्ही नातं जोडेपर्यंत तो जेवून हात धुवेल."

"तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे," मधुकर म्हणाला आणि त्याने तो एका पानावर लिहून घेतला. पान तळ्यावर वाऱ्याने गेलं. पण घेतला लिहून.

"मग निदान शेवटी एक खॅक ठेवा. पोराला तेवढंच कळतं."

"खॅक आता ब्रँडमध्ये बसत नाही, ताई."

मग सगळ्यांनी आपापला एकेक छोटासा बदल सुचवला आणि इशारा असा तयार झाला:

हूं हूं हूं. सरपंच रावसाहेब गवे यांच्या प्रेरणेतून. इथे एक ते साठ मोजेपर्यंत शांतता. आपल्या हिरव्यागार कुटुंबात एका देखण्या पाहुण्यांचं आगमन होत आहे. तरी सर्वांनी आपापल्या सोयीने पळावे. हूं.

साळूमावशीने तो सगळा पाठ केला. तिचं वय झालं होतं, पण कामात चुकारपणा नव्हता.

इकडे काय झालं ते ऐका.

त्याच आठवड्यात स्टुडिओत एक नवीन गिऱ्हाईक आलं. बाभळीखालची झुडपं हलली आणि आतून भाऊसाहेब बिबटे बाहेर आले. तेच ते. जंगलात एकच बिबट्या होता, आणि त्याला सगळे मागून बिबट्या आणि समोर भाऊसाहेब म्हणायचे. समोर म्हणणारे फार उरले नव्हते.

निळकंठ पानासारखा हिरवा झाला. मधुकर आपल्याच एका अर्धवट घरट्यात शिरला. घरटं अर्धवट असल्यामुळे तो खालून दिसत होता.

"घाबरू नका," भाऊसाहेब म्हणाले. "कामाने आलोय. माझी इमेज सुधारायची आहे."

काम म्हटल्यावर दोघेही बाहेर आले. स्टुडिओ छोटा होता. गिऱ्हाईक परत पाठवायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

"नेमकी अडचण काय आहे?" निळकंठने विचारलं.

"मला बघितलं की लोक पळतात. धड एक भेट होत नाही."

"भेटीत तुम्ही साधारण काय करता?"

"खातो."

निळकंठने लिहून घेतलं: खानपान.

चार दिवसांनी तीन पर्याय तयार. पहिल्यात ठिपके होते तेवढेच, पण ओळीत लावलेले. दुसऱ्यात सगळे ठिपके काढून एकच ठेवला होता. अंग पिवळंधमक आणि कुशीवर एक काळा ठिपका.

"आणि हा तिसरा?" भाऊसाहेबांनी विचारलं. "इथे तर नुसतं गवत दिसतंय."

"नीट बघा," मधुकर म्हणाला. "गवतात तुम्ही आहात. पण दिसत नाही."

भाऊसाहेबांनी नीट बघितलं. "पण मी आत्ताही असाच असतो की."

"हो."

"मग यात तुमचं काम काय?"

तिसरा पर्याय बाद झाला. मुलांनो, इथे जंगल थोडक्यात वाचलं. पण तेव्हा ते कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणी पेढे वाटले नाहीत.

"दुसरा घ्या," भाऊसाहेब म्हणाले. "ठिपका चांगला आहे. फक्त थोडा मोठा करा."

मोठा केला.

"अजून थोडा."

अजून थोडा केला. निळकंठ आता इतका राखाडी झाला होता की बाभळीच्या सालीवर सापडेना.

"आणि पिवळा? पिवळा असा पाहिजे की पार डोंगरावरून दिसला पाहिजे."

निळकंठने नाइलाजाने पिवळा होऊन दाखवला. भाऊसाहेबांनी पंजाने इशारा केला, अजून. निळकंठ झेंडूसारखा झाला. "हाच," भाऊसाहेब म्हणाले.

रंग कशाचा करायचा, हा प्रश्न मधुकरने सोडवला. सुगरण पक्षी घरट्यात ओल्या मातीचे गोळे लावतात. वाळले की दगड होतात, घरटं वाऱ्यात हलत नाही. त्याने पिवळी माती घेतली आणि पक्की बसावी म्हणून त्यात बाभळीचा डिंक मिसळला. आजपर्यंत त्याने हे फक्त घरट्यांना लावलं होतं. घरट्याला गुडघे नसतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ठिपक्याखाली ओळही दिली: 'बिबटे. आता आणखी जवळून.'

दोन्ही कामांचा मुहूर्त एकाच दिवशी निघाला. स्टुडिओत कॅलेंडर एकच होतं.

त्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांना रंगाचा पहिला हात दिला. तो वाळला. मग दुसरा हात दिला. "हा वाळेपर्यंत एका जागी उभं राहू नका," मधुकर म्हणाला. "हिंडत राहा. सांधे मोकळे राहतील." भाऊसाहेब हिंडत हिंडत नाल्याकडे गेले.

तळ्याकाठी सगळं जंगल जमलं होतं. ऊन चांगलं तापलं होतं. रावसाहेब मधोमध उभे होते. साळूमावशी अर्जुनाच्या शेंड्यावर होती आणि पहिल्याच दिवशी चूक नको म्हणून निळकंठ तिच्या शेजारी बसला होता. इंदू गवतात होती, पाडस तिच्या पोटाखाली होतं. ती जाळीकडे बघत होती. दहा उड्या.

आणि नाल्यातून एक पिवळंधमक काहीतरी वर आलं.

इंदूने बघितलं. तिला वाटलं, मुहूर्ताचा फ्लेक्स लावतायत. मग फ्लेक्स चालायला लागला. फ्लेक्सला शेपूट होतं.

वर साळूमावशीनेही बघितलं. तिच्या घशात तो जुना आवाज आपोआप आला. "ख..."

निळकंठने तिच्या तोंडावर शेपूट ठेवलं. "मावशी. हूं हूं हूं."

मावशीने तो आवाज गिळला. तो खाली गेला नाही, मधेच अडकला. पण तिने सुरू केलं.

"हूं हूं हूं. सरपंच रावसाहेब गवे यांच्या प्रेरणेतून."

आणि शांतता.

आता शांतता म्हणजे काय, हे जंगलाला एकाच प्रसंगातून माहीत होतं. कुणी गेलं की सगळे उभे राहायचे. रावसाहेबांचं नाव आलं आणि लगेच शांतता झाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एका रानडुकराने डोळे पुसले. रावसाहेबांनी स्वतःही मान खाली घातली आणि आपण नेमके कधी गेलो याचा ते विचार करू लागले.

बिबटेसाहेबही थांबले. ते हिंस्र होते, पण घरचं वळण चांगलं होतं. शांतता चालू असताना हलायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी उन्हात, जागच्या जागी, मान खाली घातली.

एक. दोन. तीन.

"चल," इंदू कुजबुजली.

पाडस उभं.

"अरे चल ना बाळा. पळ."

"खॅक नाही झालं," पाडस म्हणालं.

"राहू दे खॅक. मी सांगतेय ना!"

"तूच म्हणालीस, खॅक नाही ऐकलं तर उभं राहायचं."

इंदूने त्याला डोक्याने ढकललं. त्याने चारही पाय रोवले. जेमतेम महिन्याचं होतं, पण शब्दाचं पक्कं होतं. इंदूने त्याला ओढायला तोंड लावलं, पण चितळाचं पोर तोंडात धरता येत नाही. ती जाळीकडे बघायची, पिवळ्याकडे बघायची. तिला पळता आलं असतं. जाळीपर्यंत तिच्या स्वतःच्या तीनच उड्या होत्या. तिने एकही मारली नाही. पाडस आणि तो पिवळा, यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

एकतीस. बत्तीस. ऊन तसंच होतं.

अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

"आपल्या हिरव्यागार कुटुंबात," साळूमावशी म्हणाली, "एका देखण्या पाहुण्यांचं आगमन होत आहे."

देखणे म्हणजे आपणच, हे भाऊसाहेबांच्या ध्यानात आलं. त्यांना बरं वाटलं. त्यांनी मान वर केली. मान वर करताना कट् असा आवाज झाला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. समोर इंदू होती, मागे पाडस होतं आणि कुणीही पळत नव्हतं. इमेज सुधारली होती.

"तरी सर्वांनी आपापल्या सोयीने पळावे. हूं."

मजकूर संपला. आणि इतका वेळ मावशीच्या घशात अडकलेलं ते काहीतरी बाहेर पडलं.

"खॅक!"

बाकीचे अजून आपापली सोय बघत होते. पाडस सुटलं. एक, दोन, तीन. त्याच क्षणी भाऊसाहेबांनीही उडी मारली.

म्हणजे मारायची ठरवली. माती पूर्ण वाळली होती. साठ आकडे उन्हात उभं राहिल्यावर डिंकाने आपलं काम केलं होतं. मागचे पाय वाकले नाहीत. पुढचे वाकले नाहीत. भाऊसाहेब उभी करून ठेवलेली खाट पडावी तसे, चारही पाय ताठ, कुशीवर आडवे झाले. ठिपक्याची बाजू वर होती. ती फार छान दिसत होती.

आठ, नऊ, दहा. करवंदीची जाळी हलली आणि पुन्हा स्थिर झाली. इंदू त्याच्या मागोमाग आत गेली आणि पाडसाला इतका वेळ चाटत बसली की ते वैतागलं.

बाहेर सगळे हळूहळू भाऊसाहेबांच्या जवळ आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले. साळिंदराने खालची ओळ वाचली, 'आता आणखी जवळून.' "खरं आहे हो," तो म्हणाला.

"बघताय ना," भाऊसाहेब मातीच्या आतून बोलले. जबडा पुरता उघडत नव्हता. "एकही जण पळाला नाही. कमाल काम केलंत."

रावसाहेबांना आपण जिवंत असल्याची खात्री पटली होती. ते पुढे आले.

"एकही जण दगावला नाही," ते म्हणाले. "नव्या इशाऱ्याचा केवढा हा प्रभाव! जुनं खॅक असतं तर नुसती पळापळ झाली असती."

"शेवटी कुणीतरी खोकलं," एक रानडुक्कर म्हणालं.

"तेवढं पुढच्या वेळी काढून टाका."

साळूमावशीला घशासाठी मध देण्यात आला. तिने तो घेतला. तिच्या कामात बोलणं फार झालं होतं.

भाऊसाहेब सरकत सरकत तळ्यात गेले, भिजले आणि चौथ्या दिवशी सुटले. सुटल्यावर सगळ्यात आधी स्टुडिओत आले. निळकंठ पुन्हा हिरवा झाला.

"रंग गेला," भाऊसाहेब म्हणाले. "पुन्हा करून द्या. आणि या वेळी ठिपका थोडा मोठा करा."

त्या दिवसापासून स्टुडिओचं फार नाव झालं. बाभळीवर दोन्ही कामं शेजारी शेजारी टांगली. डावीकडे इशारा, उजवीकडे बिबटे. खाली लिहिलं, 'दोन्ही गिऱ्हाइकं समाधानी.' दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्याही मनात आलं नाही. मधुकरच्याही नाही. तो तेव्हा चौथं अर्धवट घरटं विणत होता.

एकीच्या मात्र मनात आलं. पुढच्या आठवड्यात इंदू स्टुडिओच्या खाली येऊन उभी राहिली. पाडस शेजारी होतं.

"ताई, तुमचा तो मुद्दा लिहून घेतला होता," मधुकर घाईने म्हणाला. "खॅकचं आम्ही जरूर बघतो."

"ते राहू दे," इंदू म्हणाली. "इशारा छान आहे. हवी तर शांतता अजून मोठी करा. मी दुसऱ्याच कामाने आलेय. भाऊसाहेबांना या वेळी किती हात देणार?"

"दोन."

"तीन द्या. माणूस मोठा आहे. दोन हात शोभत नाहीत."

मधुकरने लिहून घेतलं. या वेळी पान उडू नये म्हणून इंदूने त्याच्यावर खूर ठेवला.

मग ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेली. तिथे मगर ऊन खात पडली होती. इंदू बरीच लांब उभी राहिली.

"मगरबाई," ती म्हणाली, "राग मानू नका. पण तुमचे दात फार गर्दी करतात. जरा मोकळी जागा पाहिजे."

मगरीने एक डोळा उघडला. "असं वाटतं तुला?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण ओळखीचा एक स्टुडिओ आहे. त्यांना म्हणावं, सगळे काढा. एकच ठेवा."

इंदू थोडी थांबली.

"पण मोठा करा."

*

तात्पर्य (तीन पर्याय):

पहिला. सुरळीत चाललेल्या कामात उगाच बदल करू नये. हा पर्याय जरा जुना वाटतो. पलीकडच्या जंगलातही हाच आहे.

दुसरा. सुरळीत चाललेल्या कामात जरूर बदल करावा. फक्त ज्याच्यापासून आपल्याला धोका आहे, त्यालाही त्याच स्टुडिओचा पत्ता द्यावा.

तिसऱ्यात शांतता आहे. त्या वेळात पळून घ्या.